आधी पिंजरे विकत घ्यावे लागले: अलामोगोर्डो ते फोर्ट पियर्स

सप्टेंबर २००२. अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यातलं अलामोगोर्डो हे वाळवंटी गाव. दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर आलेली तिथली एक प्रयोगशाळा डॉ. कॅरोल नून यांनी ताब्यात घेतली. जमीन, इमारती, किल्ल्यांचे जुडगे आणि पिंजऱ्यांत बसलेले २६६ चिंपांझी, असं सगळंच. प्रयोगांतून सुटलेल्या चिंपांझींसाठी नूनबाईंनी फ्लोरिडात घर बांधायला घेतलं होतं. पण तोवर तिथे राहायला आले होते फक्त एकवीसजण.

म्हणजे २६६ जिवांची जबाबदारी अंगावर आली. त्यांचं घर ३२०० किलोमीटर दूर होतं आणि ते अजून बांधलेलंच नव्हतं. ते बांधून होईपर्यंत या सगळ्यांनी राहायचं कुठे? उत्तर एकच होतं: त्याच पिंजऱ्यांत. प्राण्यांचे निवारे म्हटलं की हिरवळीवरचे फोटो दाखवले जातात आणि ते बघून बरंही वाटतं. मला मात्र या प्रकरणातली ही मधली नऊ वर्षं सगळ्यात जास्त शिकण्यासारखी वाटतात.

इतके चिंपांझी आले कुठून

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या हवाई दलाने आफ्रिकेतून चिंपांझींची पिल्लं आणवली. चिंपांझीची आई पिल्लाला सोडत नाही, त्यामुळे पिल्लू पकडायचं म्हणजे बहुतेक वेळा आधी आईला मारायचं. अलामोगोर्डोजवळच्या हॉलोमन हवाई तळावर ही पिल्लं वाढली. वेग, दाब आणि धक्का शरीर किती सोसू शकतं याच्या चाचण्या त्यांच्यावर झाल्या. कॅमेरूनमध्ये जन्मलेला, ६५ क्रमांकाचा एक नर ३१ जानेवारी १९६१ रोजी अवकाशात जाऊन साडेसोळा मिनिटांत परतला. परत आल्यावर त्याला जगासमोर नाव मिळालं, हॅम. आधी नाव जाहीर न करण्याचं कारण साधं होतं: उड्डाणात तो मेला असता, तर नाव असलेल्या प्राण्याचा मृत्यू लोकांच्या मनाला जास्त लागला असता. त्याच वर्षी २९ नोव्हेंबरला एनॉस पृथ्वीप्रदक्षिणा करून आला आणि वर्षभरातच हगवणीने मेला.

माणूस स्वतः अवकाशात जाऊ लागल्यावर हवाई दलाला चिंपांझी नकोसे झाले. ते वैद्यकीय प्रयोगशाळांना भाड्याने दिले गेले. वाचताना थांबावं असा हा शब्द आहे, पण व्यवहार तसाच होता. सत्तरच्या दशकाच्या मध्यानंतर आफ्रिकेतून नवे चिंपांझी आणणं बंद झालं. मग १९८६पासून सरकारी पैशावर त्यांची पैदास सुरू झाली, कारण एड्स आला होता आणि चिंपांझी माणसाच्या इतका जवळचा की त्याच्यावरच उत्तर सापडेल असं वाटत होतं. शंभराहून अधिक चिंपांझींना एचआयव्हीची लागण करण्यात आली. एखाददुसरा अपवाद सोडला तर त्यांना एड्स झालाच नाही. प्रयोगाचा उपयोग संपला, प्राणी उरले. १९९५मध्ये सरकारी पैदास थांबवली गेली. १९९७मध्ये राष्ट्रीय संशोधन परिषदेच्या समितीने स्पष्ट सांगितलं की, संख्या कमी करण्यासाठी या प्राण्यांना मारून टाकू नये, त्यांची जन्मभराची सोय करावी.

जन्मभर म्हणजे किती, याचा हिशेब डोळ्यांसमोर ठेवायला हवा. माणसांच्या देखभालीत चिंपांझी पन्नास-साठ वर्षंही जगतो. १९८७ साली जन्मलेल्या एखाद्या पिल्लाची सोय २०४०च्या पुढेपर्यंत करायची आहे.

आपल्याकडच्या वाचकाला पांजरपोळ ठाऊक असते. मुंबईत भुलेश्वरची पांजरपोळ १८३४पासून आहे. कामातून गेलेल्या जनावराला मरेपर्यंत चारा-पाणी द्यावं, ही कल्पना आपल्याला समजावून सांगावी लागत नाही. पण पांजरपोळीत नवी गाय आणून सोडली तर चार दिवस शिंगं लागतात आणि मग ती कळपात मिसळते. चिंपांझीचं तसं नाही. अनोळखी चिंपांझी एकत्र सोडले तर ते एकमेकांची बोटं तोडतात, प्रसंगी जीव घेतात. त्यामुळे जमीन, भिंत आणि खाणं एवढ्यावर भागत नाही.

हरलेली बोली, जिंकलेला दावा

१९९७मध्ये हवाई दलाने आपले उरलेले चिंपांझी काढून टाकायचं जाहीर केलं. नून यांनी त्याच वर्षी 'सेव्ह द चिंप्स' ही संस्था काढली. चिंपांझींच्या ख्यातनाम अभ्यासक जेन गुडॉल यांचा त्यांना पाठिंबा होता. बंदिवासातल्या चिंपांझींना पुन्हा समाजात कसं आणायचं, हाच नून यांच्या अभ्यासाचा विषय, आणि झांबियातल्या चिम्फुन्शी या चिंपांझींच्या अनाथालयात त्यांनी हे जवळून पाहिलं होतं. तरी १९९८ साली १४१ चिंपांझींची वाटणी झाली तेव्हा बोली लावूनही नून यांच्या हाती काहीच आलं नाही. तीस टेक्सासमधल्या एका निवाऱ्याला मिळाले आणि १११ गेले कूलस्टन फाउंडेशनकडे, म्हणजे पुन्हा प्रयोगशाळेकडेच.

ही अलामोगोर्डोची प्रयोगशाळा एके काळी सहाशेहून अधिक चिंपांझी बाळगून होती. जगात इतके चिंपांझी दुसऱ्या कुठल्याही प्रयोगशाळेकडे नव्हते. प्राणी कल्याण कायद्याच्या उल्लंघनाबद्दल अमेरिकेच्या कृषी खात्याने तिच्यावर एकदा नव्हे, अनेकदा कारवाई केली होती. १९९३मध्ये हीटर बिघडून खोली तापत गेली आणि तीन चिंपांझी त्या उष्णतेने मेले.

नून यांनी हवाई दलावरच दावा लावला. वर्षभराने तडजोड झाली आणि एकवीस चिंपांझी त्यांना कायमचे मिळाले. १४१ पैकी एकवीस हा आकडा लहान वाटतो. पण या एकविसांमुळेच फ्लोरिडातली जागा घेतली गेली आणि पहिलं बेट उभं राहिलं. जॉन स्ट्रायकर यांच्या आर्कस फाउंडेशन या देणगीदार संस्थेच्या पैशातून फोर्ट पियर्सजवळ दीडशे एकर जमीन घेतली. तिथे पूर्वी संत्र्यांची बाग होती. २००१मध्ये हे एकवीसजण तिथे राहायला गेले.

दरम्यान कूलस्टनचा सरकारी निधी आटला. २००२मध्ये त्यांनीच नून यांच्यापुढे प्रस्ताव ठेवला: चिंपांझी दान देतो, जमीन आणि इमारती विकत घ्या. आर्कसने ३७ लाख डॉलर दिले. जो पैसा बेटं बांधायला लागला असता, तो आधी पिंजऱ्यांच्या इमारती विकत घेण्यात गेला. कुणी म्हणेल, प्रयोगशाळेला पैसे देऊन तिचं नुकसान भरून काढलं. मला तो आक्षेप पटत नाही. नून थांबल्या असत्या तर लिलावात हे २६६जण कुठे विखुरले असते, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

वाट पाहण्याची वर्षं हेही आयुष्यच

आता मूळ पेच. दोन मार्ग समोर होते. एक, सगळं बळ फ्लोरिडातल्या बांधकामावर लावायचं आणि अलामोगोर्डोत जेमतेम सांभाळ करायचा. दुसरा, ज्या इमारती काही वर्षांनी सोडायच्याच आहेत त्यांच्यावरही खर्च करायचा. नून यांनी दुसरा मार्ग धरला.

पहिला बदल ताटात झाला. कोरड्या गोळ्यांसारख्या तयार खाद्यावर जगलेल्या प्राण्यांपुढे ताजी फळं आणि भाज्या आल्या. पांघरुणं आली. चिंपांझी जंगलात रोज रात्री झाडावर फांद्या वाकवून नवं अंथरूण करतो. सिमेंटच्या फरशीवर जन्म काढलेलाही पांघरूण मिळालं की गोल गुंडाळून त्याचं घरटं करू बघतो. खेळणी आली. 'अंधारकोठडी' हे टोपणनाव पडलेली इमारतसुद्धा इथे होती, बुटक्या, कोंदट पिंजऱ्यांच्या रांगांची. पिंजऱ्यांमधल्या भिंतींना दारं पाडून एकट्याच्या खोल्या जोडल्या जाऊ लागल्या.

ही दारं शेजारणीसाठी, शेजाऱ्यासाठी होती. २६६ जणांपैकी कित्येक वर्षानुवर्षं एकटे होते. काहींना माणसांनी बाटलीने वाढवलेलं. चिंपांझींच्या समाजाला त्याचं स्वतःचं व्याकरण असतं: वरचढापुढे वाकून हुंकार द्यायचा, भांडण झाल्यावर हात पुढे करायचा, तासन्‌तास एकमेकांचे केस विंचरत बसायचं. हे लहानपणी आईजवळ शिकायचं असतं. आईच काढून घेतली तर शिकवणार कोण?

म्हणून गट हळूहळू बांधावे लागतात. आधी शेजारच्या पिंजऱ्यात ठेवायचं आणि जाळीतून एकमेकांचा वास घेऊ द्यायचा, बोटं लावू द्यायची. जाळीपलीकडे पाठ करून बसणारा हळूच वळून बसला, तर ती बातमी. मग दोघांनाच एकत्र सोडायचं, पळवाटेची दारं उघडी ठेवून, म्हणजे कोणी कोपऱ्यात सापडणार नाही. जोडी जमली की तिसरा, मग चौथा. शांत स्वभावाची एखादी पोक्त मादी गटात असली की नवख्याचं निभावतं. दोन दांडगे नर एकदम आणले तर महिन्याभराचं काम एका सकाळी वाया जातं. आरडाओरडा होतो, चावे बसतात. माणसाने तेव्हा मध्ये पडायचं की नाही, हा निर्णय जाळीबाहेर उभं राहून दोन-चार सेकंदांत घ्यावा लागतो. लवकर पडलात तर त्यांची आपापसात तडजोड होत नाही, उशीर झाला तर एखाद्याचं बोट जातं.

हे काम फ्लोरिडात घर बांधून झाल्यावर करायचं असं ठरवलं असतं, तर बेटं तयार असूनही रिकामी राहिली असती. ते अलामोगोर्डोतच सुरू झालं. ज्या इमारतींत यांना एकटं पाडलं गेलं, त्याच इमारतींत कुटुंबं जुळली. फोर्ट पियर्सला जी काही हिरवळ पुढे दिसली तिची खरी पायाभरणी मला इथे, या कळकट सिमेंटवर झालेली दिसते.

बेटं

फ्लोरिडात एकूण बारा बेटं झाली, प्रत्येक सुमारे तीन एकरांचं. भोवती पाणी. चिंपांझी पोहत नाही. अंगात चरबी कमी आणि स्नायू दाट, त्यामुळे तो बुडतो. म्हणून उंच भिंत किंवा जाळी न उभारता पाण्यानेच सीमा आखता येते आणि नजरेला अडथळा राहत नाही. पण याच कारणाने खंदक धोक्याचाही असतो. १९९०मध्ये डेट्रॉइटच्या प्राणिसंग्रहालयात भांडणात घाबरून एक नर खंदकात पडला आणि बुडू लागला. बघायला आलेल्या एका माणसाने उडी मारून त्याला बाहेर काढलं. असा माणूस दर वेळी काठावर नसतो. त्यामुळे खंदकाच्या उतारापासून ते गटातल्या भांडणांवर लक्ष ठेवण्यापर्यंत सगळ्याचा विचार एकत्र करावा लागतो.

प्रत्येक बेट जमिनीच्या चिंचोळ्या पट्टीने एका पक्क्या इमारतीला जोडलेलं. इमारतीत झोपायच्या, खायच्या, औषधोपचाराच्या खोल्या. हा किनारा वादळांचा आहे. २००४च्या सप्टेंबरमध्ये फ्रान्सेस आणि जीन ही दोन चक्रीवादळं तीन आठवड्यांच्या अंतराने याच भागात जमिनीवर आली. इथे इमारत तकलादू असून चालत नाही. बेटावर उंचवटे, चढायचे मनोरे, सावलीच्या जागा. झाडांचं मात्र कठीण: तीन एकरांत वीस-पंचवीस चिंपांझी असले की साल, पानं, फांद्या काही शिल्लक राहत नाही.

एरवी बेटाकडचं दार उघडं असतं. बाहेर जायचं, आत बसायचं की उंबऱ्यावरच रेंगाळायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. आणि बरेचजण सुरुवातीला बाहेर जात नाहीत. पायाखाली गवत म्हणजे काय हे त्यांना ठाऊक नसतं. डोक्यावर छत नाही याचीच भीती वाटते. कोणी सिमेंटच्या कडेकडेने चालतो, कोणी दारात बसून नुसता बघतो. काहींना यात महिने गेले. त्यांना बाहेर ढकलायचं नाही, हा नियम मला सगळ्या बांधकामाहून मोठा वाटतो, कारण आयुष्यात पहिल्यांदाच त्यांच्या 'नाही'ला किंमत आली.

अलामोगोर्डोहून फोर्ट पियर्सची वाहतूक एका खास बनवलेल्या ट्रेलरमधून झाली. एका खेपेला दहाजण, प्रत्येकाला खिडकी. सलग दीड-दोन दिवसांचा रस्ता. जे एकत्र राहणार तेच शक्यतो एकत्र प्रवासाला, म्हणजे आधी गट, मग बेट, मग ट्रेलर. यातलं एक अडलं की पुढचं सगळं अडतं. नऊ वर्षं लागली ती यामुळे.

नूनबाईंना शेवट बघायला मिळाला नाही. २ मे २००९ रोजी स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्या गेल्या, एकोणसाठाव्या वर्षी. अलामोगोर्डोत तेव्हाही चिंपांझी वाट बघत होते. काम त्यांच्यावाचून थांबलं नाही. डिसेंबर २०११मध्ये शेवटची खेप फोर्ट पियर्सला पोहोचली आणि अलामोगोर्डोचे पिंजरे रिकामे झाले.

आफ्रिकेत का नाही सोडलं?

हा प्रश्न नेहमी येतो, म्हणून थोडक्यात. प्रयोगशाळेत जन्मलेल्याला जंगलात काय खायचं ते माहीत नसतं, तिथले रानटी चिंपांझी परक्या नराला मारतात, आणि टोचलेले आजार जंगलात जाण्याचा धोका असतो. बेटांवर सोडण्याचा प्रयोग आफ्रिकेत झालेलाही आहे. लायबेरियात न्यूयॉर्क ब्लड सेंटरने हिपॅटायटिसच्या संशोधनात वापरलेले चिंपांझी नदीतल्या बेटांवर ठेवले होते. त्या बेटांवर पुरेसं खाणं उगवत नाही, ते बाहेरून न्यावं लागतं. २०१५मध्ये सेंटरने पैसे देणं थांबवलं तेव्हा तिथे साठाहून अधिक चिंपांझी होते. जुने स्थानिक कर्मचारी पदरमोड करून होड्यांतून खाणं नेत राहिले, पुढे प्राणीसंस्थांनी भार उचलला. २०१७मध्ये तडजोड होऊन सेंटरने साठ लाख डॉलर द्यायचं मान्य केलं.

आपल्याकडे बाळ जन्मलं की चोवीस तासांत त्याला हिपॅटायटिस बीची लस देतात. सत्तरच्या दशकात या लसीच्या चाचण्या चिंपांझींवर झाल्या. सातारा असो की सावंतवाडी, त्या बाळाचंही या प्राण्यांशी नातं आहे. म्हणून हे प्रकरण केवळ अमेरिकेचं आहे असं मला म्हणवत नाही.

उरलेला अर्धा भाग

कूलस्टनचे सगळेच चिंपांझी नून यांच्याकडे आले नव्हते. त्याआधीच राष्ट्रीय आरोग्य संस्थेने, म्हणजे एनआयएचने, २८८ चिंपांझींची मालकी घेतली होती आणि २००१पासून त्यांना हॉलोमन तळावरच्याच केंद्रात ठेवलं होतं. एकाच वसाहतीचे जवळजवळ सारखे दोन भाग, एक खाजगी देणगीवर, एक सरकारकडे. अशी तुलना ठरवूनही मिळत नाही.

सरकारकडे तोवर कायदाही होता. २० डिसेंबर २००० रोजी तेव्हाचे अध्यक्ष क्लिंटन यांनी त्यावर सही केली होती: संशोधनाला नको असलेले सरकारी चिंपांझी निवाऱ्यात जातील. त्यासाठी लुईझियानातली 'चिंप हेवन' ही संस्था निवडली गेली, २००५मध्ये तिथे पहिले चिंपांझी आले. खर्चाचा तीन चतुर्थांश वाटा सरकारचा. (तिथे २००७मध्ये सगळ्या नरांची नसबंदी झालेली असूनही एक पिल्लू जन्माला आलं. पैदास थांबवणं हाही अशा घराच्या बांधणीचा भाग असतो, आणि तो शंभर टक्के साधत नाही.)

हॉलोमनच्या चिंपांझींवर २००१नंतर प्रयोग झाले नाहीत. पण त्यांना निवाऱ्यातही पाठवलं नाही. ते 'राखीव' होते. २०१०मध्ये उलटंच घडू लागलं, त्यांना टेक्सासला पुन्हा संशोधनासाठी हलवायचं ठरलं आणि चौदाजण नेलेही. विरोध झाला. न्यू मेक्सिकोचे तेव्हाचे गव्हर्नर बिल रिचर्डसन त्यात उतरले. बेत थांबला आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला. डिसेंबर २०११मध्ये, म्हणजे फोर्ट पियर्सला शेवटची खेप पोहोचली त्याच महिन्यात, समितीने अहवाल दिला: चिंपांझींवरचं बहुतेक जैववैद्यकीय संशोधन अनावश्यक आहे. २०१३मध्ये एनआयएचने पन्नास सोडून बाकी सगळ्यांना निवृत्त करायचं ठरवलं, २०१५मध्ये त्या पन्नासांनाही.

मग ऑक्टोबर २०१९मध्ये निर्णय आला की हॉलोमनवर उरलेले ४४ चिंपांझी तिथेच राहतील. पशुवैद्यांच्या मते ते इतके वयस्क आणि आजारी होते की प्रवास झेपणार नाही. ओळखीचे सोबती आणि ओळखीची माणसं सुटण्याचाही ताण होताच. डिसेंबर २०२२मध्ये मेरीलँडच्या संघराज्य न्यायालयाने हा निर्णय कायद्याचा भंग करणारा ठरवला.

पशुवैद्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. हृदयाचा विकार हा बंदिवासातल्या चिंपांझींच्या मृत्यूचं मोठं कारण आहे, आणि थकलेलं हृदय भुलीच्या एका इंजेक्शनलाही दगा देऊ शकतं. २०१९मध्ये त्यांना पाहून एखाद्या प्रामाणिक डॉक्टरने 'नको' म्हटलं असेल, तर ते समजण्यासारखं आहे. पण नेमक्या याच गावातून, याच वसाहतीतले त्यांचे भाईबंद दहा-दहाच्या खेपांनी ३२०० किलोमीटर गेले, आणि तेही सगळे धडधाकट नव्हते. दोन्ही भागांत वयाने, आजाराने किंवा आयुष्यभर सोसलेल्या गोष्टींनी फार मोठा फरक होता असं मला वाटत नाही. फरक कॅलेंडरचा होता. नून यांच्याकडच्यांची तयारी २००२च्या सप्टेंबरातच सुरू झाली. हॉलोमनच्या ४४ जणांना 'आता हलवता येणार नाही' असं सांगितलं गेलं तेव्हा त्यांना तिथे ठेवून अठरा वर्षं झाली होती.

हॅमलाही अलामोगोर्डोतच पुरलेलं आहे. १९८३च्या जानेवारीत तो नॉर्थ कॅरोलिनाच्या प्राणिसंग्रहालयात मेला, आणि त्याचे अवशेष तिथून इकडे आणून अवकाश संग्रहालयाच्या आवारात दफन केले गेले. हॉलोमनचा तळ तिथून काही किलोमीटरवर आहे.